दादाचे नऊ दात

प्रिय टिल्लू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. म्हणजे झालं होतं, पण ते होऊन गेलं. फोनवर तू "बरे आहात ना?" विचारतेस, मी "हो, तू?" म्हणतो, आणि त्यापुढे मला दातखीळ बसते. तीन वर्षं आपण दोघं एकमेकांना हवापाणी सांगतो आहोत. म्हणून आज दुकानातली कोरी वही घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. दुपारचे तीन वाजलेत. तुझा दादा आत झोपलाय. दादा दुपारी झोपतो, हीच खरं तर पहिली बातमी.

बाकीच्या बातम्या किरकोळ आहेत. दुकान मी अर्धा दिवसच उघडतो. शिलाई मशीन दुरुस्तीला आणणारी माणसं कमी झाली आहेत, आणि जी येतात त्यांची मशीनं माझ्याएवढीच जुनी असतात. शेजारच्या काकूंनी मोतीबिंदू काढून घेतला, त्यामुळे आता त्यांना आपल्या घरातलं आणखी स्पष्ट दिसतं. मी स्वयंपाक शिकलो. चांगला करतो असं कोणी म्हणणार नाही, पण दादा तक्रार करत नाही आणि दुसरं गिऱ्हाईक नाही.

तुझी आई दादाचे दात कशी घासायची आठवतं तुला? बेसिनच्या आरशासमोर त्याला उभा करायची, स्वतः त्याच्या मागे. उजव्या हातात त्याचा ब्रश, डाव्या हातात स्वतःचा. एकदा स्वतःचा दात, एकदा त्याचा. तो आरशात तिच्याकडे बघत तोंड उघडायचा. एवढा उंच बाप्या आणि मागे त्याच्या खांद्यावरून डोकावणारी आई. मी दाढी करायला ताटकळत उभा असायचो आणि वैतागायचो. पाच वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा लोकांनी मला विचारलं, आता याला आंघोळ कोण घालणार, जेवायला कोण देणार, रात्री जवळ कोण झोपणार. दात कोण घासणार हे कोणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या मागे उभा राहिलो तर तो आरशात मला बघून तोंड घट्ट मिटायचा. आठवडाभर मी प्रयत्न केला. मग ब्रश त्याच्या हातात द्यायला लागलो. तो ब्रश तोंडात धरून नळाच्या धारेकडे बघत उभा राहायचा, पेस्ट हनुवटीवरून खाली यायची, मी टॉवेलने पुसायचो आणि म्हणायचो, झालं. तू कामावरून आल्यावर विचारायचीस, "बाबा, दात घासले त्याचे?" मी म्हणायचो, "घासले." तू माझ्याकडे बघायचीस. मी दुसरीकडे बघायचो.

आणि गोळ्या. माझ्या शर्टाच्या खिशात नेहमी आंबटगोड गोळ्या असायच्या. आई गेल्यावर तो दाराशी उभा राहून कण्हायचा, तेव्हा मी एक गोळी द्यायचो. तो गप्प व्हायचा. रस्त्यात अडून बसला, गोळी. दुकानात ओरडला, गोळी. शिवाय झोपायच्या आधी गोड दूध. तो गप्प बसला की मला वाटायचं, मला जमतंय. बापाला जमतंय.

मग तो स्वतःला मारायला लागला ते तुझ्यासमोरच. डाव्या गालावर, मुठीने, भिंतीत खिळा ठोकावा तसा. त्याच्या मनगटावर दातांचे वण पडले. जेवता जेवता ताट ढकलून द्यायचा. त्याला घेऊन आपण मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, तू बरोबर होतीस. डॉक्टरांनी खूप प्रेमाने विचारलं, "दुखतंय का रे कुठे?" दादा म्हणाला, "दुखतंय का रे कुठे." डॉक्टर म्हणाले, "डोकं?" दादा म्हणाला, "डोकं." "पोट?" "पोट." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसून म्हणाले, याचं असंच का? मी म्हणालो, हो, समोरच्याचा शेवटचा शब्द परत करतो, लहानपणापासून. मग त्यांनी मलाच विचारलं आणि मी सांगितलं की त्याची आई गेली तेव्हापासून चिडका झालाय. त्यांनी ते लिहून घेतलं. औषध वाढवलं.

त्यानंतरच्या काही महिन्यांत तुझ्या भुवईला चार टाके पडले. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार आहे, टाळत नाहीये. पण शेवटी लिहीन. मला आधी तिथपर्यंत पोचू दे.

तू घर सोडून गेल्यावर औषध आणखी दोनदा वाढलं. मार कमी झाला नाही, फक्त सावकाश झाला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याची लाळ गळायची, आणि त्यातूनच मूठ उठायची, गालाला लागायची, परत मांडीवर पडायची. त्याचे हात थरथरायला लागले. तुला त्याची कार्यशाळा माहीत आहे. चपलांच्या कंपनीची पुठ्ठ्याची खोकी घडी करून द्यायचं काम. दादा दिवसाला साठ करायचा आणि एकाचीही कड वाकडी नसायची. आता एका खोक्याशी तो अर्धा तास झटायचा आणि कड जुळली नाही की ते फाडायचा. एकदा शेजारच्या मुलीचंही फाडलं, ती घाबरून पडली. तिथल्या शिकवणाऱ्या बाई मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "काका, काही दिवस घरीच राहू दे त्याला." मी त्याला हाताला धरून घरी आणलं. तो पुढचे दोन महिने रोज सकाळी डबा हातात घेऊन दाराशी उभा राहायचा. मी कडी लावून ठेवायचो.

त्याच बाई दीड वर्षापूर्वी दुकानात आल्या. कार्यशाळेतलं शिलाई मशीन टाके गाळत होतं, ते घेऊन. मी मशीन नुसतं फिरवून बघितलं आणि म्हणालो, शटल झिजलंय. त्या म्हणाल्या, "न उघडता कसं कळलं?" मी म्हणालो, आवाजावरून, चाळीस वर्षं झाली की. मग त्यांनी दादाची चौकशी केली. मी सांगितलं. दादा तिथेच मागे स्टुलावर बसला होता आणि गालावर मारत होता. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, राग मानू नका. त्याचे दात कधी दाखवलेत कोणाला?"

टिल्लू, मी चपापलो. का, ते तुला माहीत आहे.

मी तीन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्याकडे दादा खुर्चीत बसला, पण डोक्यावरचा दिवा लागला आणि त्याने लाथेने सगळा ट्रे उडवला. डॉक्टर बिचारे खाली बसून हत्यारं गोळा करत म्हणाले, तोंडच उघडत नाही तर मी तरी काय करू. दुसरे म्हणाले, धरायला चार माणसं घेऊन या. मी चार माणसं कुठून आणू? आणि आणली तरी त्यांना काय सांगू, माझ्या मुलाला दाबून धरा? तिसऱ्यांनी फोनवरच हात झटकले. शेवटी बाईंनीच मला एका योजनेचं सांगितलं. मोठ्या सरकारी रुग्णालयात अशा प्रौढ मुलांसाठी दातांचा विभाग आहे, पूर्ण भूल देऊन काम करतात, खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं. मी विचारलं, मग हे आधी कोणी सांगितलं का नाही? बाई म्हणाल्या, लहान मुलांचं सगळे सांगतात. मुलं मोठी झाली की त्यांचं कोणी काही सांगत नाही.

अर्जाला दाखले लागले. दादाचा अपंगत्वाचा दाखला पाच वर्षांहून जुना होता, तो चालेना. माझा छत्तीस वर्षांचा मुलगा मधल्या काळात बरा झाला असेल तर? म्हणून नवा काढा. तो काढायला चार खेपा. रुग्णालयातल्या खिडकीमागच्या कारकूनबाईंनी अर्ज दिला तो दादाने माझ्या हातातून घेतला, कडेला कड जुळवून त्याची घडी घातली, पुन्हा घातली, आणि त्यांना परत दिला. थरथरत्या हातांनी घातलेली, पण सरळ. त्यांनी दुसरा अर्ज दिला. ती घडी त्यांनी फेकली नाही, हे मी बघितलं.

मग अकरा महिने थांबलो. भूल देणारे डॉक्टर त्या विभागाला महिन्यात दोनच सकाळी मिळतात, आणि एका सकाळी दोनच माणसं होतात. मी दर आठवड्याला जाऊन दाताच्या कण्या करायचो. एकदा आवाज चढवला. कारकूनबाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आधी एवढे आहेत, काका. सगळ्यांचंच दुखतंय. त्यातल्या निम्म्यांना तर ओरडताही येत नाही." मी बाहेर बाकावर येऊन बसलो. त्या अकरा महिन्यांत दादाचा गाल तीनदा सुजला. प्रत्येक वेळी गोळ्या देऊन सूज उतरवली. आंबटगोड नाही, औषधाच्या. खिशातल्या गोळ्या मी ज्या दिवशी बाई दुकानात आल्या त्याच दिवशी गटारात टाकल्या होत्या. त्यानंतर दादा माझा खिसा चाचपून बघायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

तिथल्या डॉक्टरबाई तुझ्याच वयाच्या असतील. तिसऱ्या मजल्यावर टोकाची खोली. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी वरचे दिवे बंद केले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. दादा उभाच. त्यांनी हातमोज्यांचं रिकामं खोकं त्याच्याकडे सरकवलं. दादा खाली बसला, खोकं उलगडून सपाट केलं आणि पुन्हा उभं करायला लागला. त्या बघत होत्या. मला विचारलं, "कोणत्या बाजूने चावतो?" मला सांगता येईना. छत्तीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून जेवतोय, टिल्लू, आणि मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मारतो कुठे?" मी म्हणालो, डावीकडे. "नेहमी डावीकडेच?" नेहमी. "उजवीकडे कधीच नाही?" मी आठवून बघितलं. कधीच नाही. दादाच्या डाव्या गालावरची कातडी टाचेसारखी जाड झाली होती, तिच्याकडे त्या बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हा चिडत नाहीये. ह्याला ठणका लागलाय. तो बंद करायला बघतोय."

त्या दिवशी त्यांनी तोंड बघितलंच नाही. तिसऱ्या खेपेला दादाने तोंड उघडलं, दोन श्वासांपुरतं. तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी कागदावर दातांचे आकडे लिहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, नाव वर सरकवते.

तारीख मिळाली ती एकदा रद्द झाली. दादा सकाळपासून उपाशी, हिरवा झगा घालून, आणि दहा वाजता सांगितलं की भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेले. त्याला परत कपडे घालताना मी रडलो. तो माझ्या डोळ्यातलं पाणी बोटाने पुसून बोटाकडे बघत बसला. दुसरी तारीख दोन महिन्यांपूर्वीची. आत नेताना त्याने माझं मनगट इतकं आवळलं होतं की दोन नर्सनी एकेक बोट सोडवलं. दोन तास लागले. डॉक्टरबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, चार दात भरले, नऊ काढावे लागले. मागच्या दाढेखाली पू होता आणि त्याने आतलं हाड खाल्लं होतं. मी विचारलं, किती दिवसांचं असेल? त्या म्हणाल्या, "दिवस नाही, काका. वर्षं. तीन तरी नक्की. जास्तच." धडधाकट माणसाला असं झालं असतं तर तो पहिल्याच रात्री दवाखान्याचं दार तोडून आत शिरला असता, असंही म्हणाल्या. नंतर त्यांना वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

घरी दोन दिवस तो उशीवर रक्त गाळत पडून होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला कुस्करलेलं केळं भरवत होतो आणि सवयीने त्याचा डावा हात माझ्या गुडघ्याखाली दाबून धरला होता. केळं संपलं. तेव्हा लक्षात आलं की माझ्या गुडघ्याखालचा हात वर उठायला बघतच नाहीये. मी गुडघा काढला. हात तिथेच राहिला. संध्याकाळपर्यंत मी त्या हाताकडे बघत बसलो. त्या दिवसापासून त्याने स्वतःला एकदाही मारलेलं नाही.

तुला वाटेल, म्हणजे सगळं छान झालं. तसं नाही, आणि मी तुला खोटं सांगणार नाही. डाव्या बाजूने तोंड बसलंय, तो माझ्याहून म्हातारा दिसतो. औषध हळूहळू कमी करतायत, पण हातांची थरथर राहील असं डॉक्टर म्हणतात. कार्यशाळेतली जागा दुसऱ्या मुलाला दिली, त्याची आई विधवा आहे, मी काय बोलणार? बाई आठवड्याला दहा पुठ्ठे घरी आणून देतात. त्यातली तीन खोकी धड होतात. तो हसत नाही. पूर्वी मशीनचं चाक फिरलं की हसायचा, तुला आठवत असेल. चाक फिरवून दाखवतो मी. तो बघतो. कधीकधी जेवताना अचानक थांबतो, गालावर एक बोट ठेवतो आणि वाट बघतो. ठणका येईल म्हणून. तो येत नाही, मग पुन्हा चावायला लागतो. उजव्या बाजूने. आता मला माहीत आहे. काकू म्हणतात, तुम्ही केलंत हो त्याच्यासाठी इतकं. मी मान हलवतो. दुसऱ्याच्या शिलाई मशीनची कुरकुर मला रस्त्यावरून ऐकू यायची, आणि घरात माझा मुलगा चार वर्षं ठोठावत होता.

आता त्या दिवसाबद्दल. मी सगळ्यांना सांगितलं की दादाने तुला विनाकारण मारलं आणि तू घाबरून गेलीस. काकूंना, डॉक्टरांना, तुझ्या मावशीला, सगळ्यांना. नंतर नंतर मलाही तेच खरं वाटायला लागलं. खरं काय झालं ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. तू टॉर्च घेऊन त्याच्यासमोर बसली होतीस. त्याने तुला तोंड उघडून दाखवलं होतं, मला कधी दाखवलं नाही ते तुला दाखवलं, आणि तुझं बोट त्या दाढेला लागलं म्हणून त्याचा हात सुटला. भुवईतून रक्त येत होतं आणि तरी तू म्हणत होतीस, "बाबा, मागे डावीकडे काळं झालंय, वास येतोय, त्याचा दात दुखतोय बाबा." आणि मी म्हणालो, "कशाला डिवचतेस त्याला? तुला तो नकोसा झालाय तर तसं सांग आणि जा." तू महिनाभराने गेलीस. तू माझ्यावर दात धरून असशील तर ते बरोबरच आहे. ये, असं म्हणायचा मला हक्क नाही आणि म्हणतही नाही. रुग्णालयाच्या कागदावर एक प्रश्न होता, हा त्रास सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आला. पहिल्या दिवशी मी तिथे लिहिलं होतं, कोणाच्याच नाही. घरी सोडायच्या दिवशी मी तो कागद परत मागून घेतला, ते खोडलं आणि लिहिलं: रुग्णाच्या बहिणीच्या, तीन वर्षांपूर्वी. वडिलांनी ऐकलं नाही. डॉक्टरबाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली शिक्का मारला. आता ते तिथल्या दप्तरात कायमचं आहे. त्याची एक प्रत मी मागून घेतली. ती तुझ्याकडे असावी म्हणून हे पत्र. सोबत ठेवली आहे.

तुझाच,
बाबा